रिकाम्या हवेतला धपाटा

हसायचं तर हसा. मी, सुकन्या, कुकरच्या शिट्टीलाही दचकते, हे आमच्या जामखेडच्या स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दुपारी मी निवांत होते. एका बारशाच्या व्हिडिओला सिनेमाचा रंग द्यायचा, एवढंच काम. बाळाचे वडील करणदादा, त्यांना तो 'पिच्चरवानी' हवा होता. ते समोरच बसले होते, शेजारी त्यांची आई रतनमावशी आणि मावशींच्या मांडीवर झोपलेली नात.

नातीला त्या नुसतं 'बाळी' म्हणायच्या. पाळण्यात 'संस्कृती' नाव ठेवलेलं, पण ते त्यांच्या तोंडी येईना. नाव ठेवायचा मान आत्याचा. आणि सख्खी आत्या, मावशींची लेक पंकजा, बाळी जन्मायच्या आधीच तापानं गेली. "पोरगीच हुनार. नाव बी ठरवलंय म्या, पर सांगंन ते तिच्या कानातच," असं शेवटपर्यंत म्हणत राहिली. बारशाला मग चुलत आत्या उभी केली.

डिजिटल व्हिडिओ फार लख्ख दिसतो हो, डोळ्यांत खुपेल असा. त्यावर सॉफ्टवेअरचं एक प्लग-इन लावलं की रंग मऊ होतात, जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे थरथरायला लागतात. मी ते लावलं. चुलत आत्या पाळण्यावर वाकली, 'कुर्रर्र' झालं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. एकीचा नेम चुकून धपाटा शेजारी, रिकाम्या हवेत गेला होता. मूळ व्हिडिओत त्यावर सगळ्या खदखदून हसल्या होत्या.

आता तिथे पाठ होती.

हिरव्या साडीतली, वाकलेली... दाण्यादाण्यांनी थरथरणारी. मी प्लग-इन काढलं. रिकामी हवा. परत लावलं... पाठ! बंद खोलीत एकदम घुगऱ्यांचा वास सुटला.

"दादा... हे सॉफ्टवेअरचं काहीतरी..."

मावशी पुढे सरकल्या. आता किंचाळणार, असं मला वाटलं. पण त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"आरं, पंकी हाय ही! धपाटं खायला कशी पाठ पुढं केलीय बघ भवानीनं!"

"आये, लई जोरात बसलाय गं तिला," करणदादा पुटपुटले.

"गप ऱ्हा! पोरी, कानात काय सांगती ती? ऐक की!"

स्पीकरवर नुसता गलका. मी हेडफोन घातला. गलक्याच्या तळाशी एक श्वास... आणि एक शब्द.

"सृष्टी," मी म्हणाले.

"सृष्टी! माजी सृष्टी!" मावशींनी नातीला छातीशी धरलं. पहिल्यांदाच नावानं हाक मारत होत्या. करणदादा पेढे आणायला पळाले, आणि पुढे अर्धा तास आमच्या स्टुडिओत दुसरं बारसंच झालं.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. नाव कळलं तसा मी व्हिडिओ थांबवला होता. पडदा स्तब्ध. हेडफोन काढायला हात वर नेला, तर डाव्या कानाशी कुणीतरी हसत, अगदी हळू म्हणालं...

"सुकन्या, तुज्या लेकीच्या बारशाला बी येते हं..."

माझं तर अजून लग्नही ठरलेलं नाही.