नकाशावरची तिरकी पट्टी

पश्चिम आफ्रिकेतल्या वागादुगू शहराच्या त्या वाचनालयात जगाच्या नकाशांचं मोठं पुस्तक एकच होतं, आणि त्या शनिवारी त्याच्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

एक तलातोचा. दुसरा लांब बोटांचा, खडूने पांढरा झालेला. तिने वर पाहिलं. भुवयांवर लाल धूळ, आणि डोळ्यांत हसू…

"आधी मी धरलं," तो म्हणाला.

"आधी नाव सांगा, मग भांडू."

"नेस्तोर तोए."

आडनाव ऐकलं आणि तलातोची भीड एकदम चेपली. तोए म्हणजे सामो जमातीचा, आणि ती मोसी जमातीची. मोसी आणि सामो हे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. भेटतील तिथे एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं, आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हरला.

"मग आधीच सांगायचं ना रे," ती म्हणाली. "गुलामाने मालकिणीसाठी पुस्तक उचलून आणायचं असतं, हिसकावायचं नसतं."

"मालकीण? तुझ्या आजोबांना माझ्या आजोबांनी एका कोंबडीच्या बदल्यात घेतलं होतं. तीही लंगडी."

"कुत्रं शिजवून त्याचं डोकं कुणी खायचं यावरून भांडणारी सामो माणसं तुम्ही. तुम्हाला नकाशा कशाला?"

"कुत्री कुठल्या देशात जास्त आहेत ते बघायला."

वाचनालय सांभाळणाऱ्या बिबाताला सगळे तांती म्हणत, म्हणजे मावशी. तिने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि एकाच बाकाकडे बोट दाखवलं.

तलातो टपाल कचेरीत पत्रं निवडायची. पाकिटांवरची गावं वाचून तिला जगाचं वेड लागलेलं. नेस्तोर नवा मास्तर, शिकवण्या घेत नेमणुकीची वाट बघणारा. दर शनिवारी वाचनालयात प्रश्नांची चढाओढ व्हायची, आणि आता त्या दोघांच्या पुढे तिसरा कुणी टिकेना.

"चहूबाजूंनी एकाच देशाने वेढलेला आफ्रिकेतला देश?"

"लेसोथो. सोपा विचारतोस, गुलामा. दमलास का?"

"बरं. कुठल्या देशाचे खेळाडू ऑलिंपिकला गेले एका नावाने, आणि परतले दुसऱ्या नावाने?"

तलातो बोटांवर देश मोजू लागली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल फटफटत गेली…

"झांबिया," तो हळूच म्हणाला. "टोकियो, चौसष्ट साल. खेळ संपले त्याच दिवशी देश स्वतंत्र झाला."

तिने ते वहीत लिहून घेतलं. विसरू नये म्हणून नव्हे, मान खाली घालायला निमित्त हवं होतं म्हणून.

जुलैच्या शेवटी त्याची नेमणूक आली. जिबोला, दूर उत्तरेला. दोघं फाटकापाशी बाजरीचं आलं घातलेलं सरबत पीत उभी होती.

"मालकीण," तो म्हणाला, "येतेस जिबोला? लग्न करून?"

असं तर प्रत्येक सामो प्रत्येक मोसी मुलीला म्हणतो. बाजारात म्हणतो, मयताच्या घरीसुद्धा म्हणतो. तलातोने ठेवणीतलं उत्तर दिलं, "आधी कुत्र्याचं डोकं खायचं सोड, मग बघू."

तो हसला. पण जरा उशिरा हसला.

तो उशीर तिच्या मनातून जाईना. खरंच विचारलं होतं का त्याने? आता विचारावं तरी कसं? थट्टाच असली, तर ती जन्मभर हरली. साऱ्या वाचनालयाला हसायला विषय. आणि थट्टा नसली… तर तिने काय करून ठेवलं होतं? सोमवारी, तेरा ऑगस्टला, तो जाणार होता.

त्याआधीच देशाचं नाव बदललं. चार ऑगस्टला अप्पर व्होल्टा गेलं, बुर्किना फासो आलं. पुढच्या शनिवारी तांतीने टंकलेखन यंत्रावर नव्या नावाच्या पट्ट्या काढल्या, खळीचं भांडं बाकावर आदळलं आणि म्हणाली, "तुम्हीच दोघं या पुस्तकाला सोडत नाही. तुम्हीच चिकटवा."

तलातोने खळ लावायची, नेस्तोरने पट्टी धरायची. आज तो गुलाम म्हणाला नव्हता. एकदाही नाही.

"शेवटचा प्रश्न विचारू?" तो म्हणाला. "कुठल्या देशाचं नाव दोन भाषांत आहे?"

"आपल्याच. बुर्किना आमच्या मोरे भाषेतलं, ताठ मानेची, सचोटीची माणसं. फासो बाजारात बोलतात त्या द्युला भाषेतलं, वडिलांचं घर."

"एक शब्द इकडचा, एक तिकडचा. कुणी कुणाला पुसलं नाही." त्याने पट्टी खाली ठेवली. "तलातो…"

तिच्या हातातली काडी थांबली. त्याच्या तोंडून तिचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं.

"माझे काका आज सकाळी आमच्या तुगान गावाहून निघालेत. उद्या तुमच्या घरी येतील. त्यांच्या झोळीत कोलाच्या बिया आहेत."

मुलीला मागणी घालताना द्यायच्या बिया. मोसी आणि सामो जगातल्या सगळ्या गोष्टींची थट्टा करतात, पण या बियांची कुणी करत नाही.

"तू नको म्हणालीस, तर मी आत्ता बसथांब्यावर जाऊन त्यांना परत पाठवीन," तो म्हणाला. "पण फाटकापाशी विचारलं होतं, ते खरंच विचारलं होतं."

तलातोने पट्टी उचलली, खळ लावली, आणि जुन्या नावावर दाबून बसवली. नजर त्याच्याकडे होती, पट्टी तिरकी बसली.

"मी माझं आडनाव बदलणार नाही," ती म्हणाली.

"नको. दोन्ही राहू देत. देशासारखी."

"आणि काकांना सांग, घराकडे वळताना आंब्याचं झाड लागतं, तिथून डावीकडे." मग तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात जुनं हसू होतं. "आणि काय रे गुलामा… मालकिणीचं नाव घ्यायची परवानगी तुला कुणी दिली?"