आबांच्या डोक्यातले पाट

ही गोष्ट दोन हजार एकसष्ट सालची. खोटी वाटली तर तोवर थांबा आणि स्वतःच खात्री करून घ्या.

सारजाच्या आबांच्या मेंदूत लिंबाएवढी गाठ होती. सहा आठवडे किरणोपचार (नेम धरून सोडलेल्या प्रखर किरणांनी गाठीच्या पेशी मारणे) झाले. महिन्याने पाहतात तो काय, तपासणीच्या पडद्यावरचा पांढरा डाग मोसंबीएवढा.

"वाढली," आबा म्हणाले. जन्मभर ते पाटकरी होते, कालव्याचं पाणी शेतोशेती सोडणारे. "ओल पसरली म्हणजे पाणी वाढलं. उद्या कवटी उघडणार. वाचा राहील न राहील, आजच सगळ्यांना शिव्या देऊन घेतो."

सारजाला हसू आलं नाही.

तेवढ्यात यंत्रपरिचारिका नाडीबाई घरंगळत आली. "ओल पाहिलीत, आबासाहेब. वाहतं पाणी मोजलंत?"

"मला शिकवतेस होय गं, डब्या?"

नाडीबाईने आबांच्या दंडातून रक्तात रंग सोडला. हृदयाचे चार ठोके पडले, आणि पडद्यावर आबांचं डोकं उजळलं. हजारो पाट, त्यांना फुटलेल्या चाऱ्या, चाऱ्यांना केसाहून बारीक केशवाहिन्या. सारजा पडद्याजवळ सरकली. एवढं सगळं रोज आबांच्या टोपीखाली वाहत होतं.

गाठीपाशी मात्र अंधार.

"गाठ हावरट," नाडीबाई सांगू लागली. "रक्तासाठी घाईघाईने वेड्यावाकड्या वाहिन्या बांधते. किरणांआधी तिथे शेजारच्या चौपट रक्त होतं. आज शेजारच्या निम्मंही नाही. किरणांनी वाहिन्यांच्या भिंती ढासळल्या, त्यातून पाणी झिरपून सूज आली. डाग त्या सुजेचा."

सारजा हळूच म्हणाली, "म्हणजे काठावर चिखल, पण पाट कोरडा."

आबा म्हणाले, "फुटका पाट. चाळीस वर्षं हेच पाहिलं, आणि स्वतःच्या डोक्यात ओळखलं नाही."

डॉक्टरांनी दोनदा आकडे तपासले आणि उद्याची शस्त्रक्रिया थांबवली. सुजेवर औषध द्यायचं, दोन महिन्यांनी पुन्हा प्रवाह मोजायचा. "गाठ मेली असं म्हणत नाही," ते म्हणाले, "पण उपाशी आहे."

"रोजचा प्रवाह पाहून त्या दिवसापुरतेच किरण सोडता येतील का?" सारजाने विचारलं.

"अजून जमलेलं नाही," नाडीबाई म्हणाली. "ते शोधायला इथे तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवू?"

आबा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बोलत होते. कालवे, बैल, आजीचं भांडण, काहीही. कुणी त्यांना गप्प बसवलं नाही.