हाकेला ओ

अकोटात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मला यंत्रांचा वैद्य म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं. त्या दुपारी देवानंदरावांकडे गेलो तो अगदी साध्या कामासाठी. त्यांच्या मुलीचा, प्रतीक्षाचा कॉम्प्युटर काही न करता तापायचा आणि त्याचा पंखा सारखा घरघरायचा. प्रतीक्षा भादव्यात तापानं गेली. बावीस वर्षांची होती.

"तिची माय रातंदिस आतल्या खोलीतून त्या पंख्याकडे कान लावून राह्यते, नितेशभाऊ. जेवत नाही," देवानंदराव दाराआड कुजबुजले. "थो आवाज बंद करून द्या. पण पोरीचं त्यात ठेवलेलं काई मिटवू नका."

मी बसलो. एकही प्रोग्रॅम चालू नव्हता, तरी प्रोसेसर धापा टाकत होता. सगळी धावपळ कर्नलची होती. कर्नल म्हणजे पलटणीतला नव्हे, यंत्राच्या पोटातला कारभारी. यंत्राच्या कुठल्याही भागानं हाक मारली की हातातलं काम टाकून ओ द्यायची, हा त्याचा धर्म. कोण किती हाका मारतंय त्याचा तक्ता मी उघडला. कीबोर्डच्या ओळीतला आकडा सुसाट पळत होता.

मी कीबोर्ड काढून खाटेवर ठेवला. आकडा पळतच राहिला.

तेवढ्यात प्रतीक्षाची आई, सत्यभामाबाई, चहा घेऊन आल्या. आकडा थबकला, पंखा मंदावला. त्या आत गेल्या आणि पुन्हा तेच सुरू झालं. त्यांना दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा तसंच घडलं.

"बलावते ना मले?" बाई हळूच म्हणाल्या. "त्या दिवशीबी बलावलं तिनं... चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं होतं, म्हून ओ नाई देल्ली मी. मंग मी गेली तं..."

त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. देवानंदराव दारातून हात जोडून माझ्याकडे बघत होते.

दोष सापडला नाही की आम्ही दुरुस्तीवाले एक पळवाट काढतो. मीही तेच केलं. कर्नलला आज्ञा दिली, या ओळीच्या हाकेला ओ देऊ नको.

पंखा थांबला. घरात एकदम सुनं सुनं वाटू लागलं.

बाई धावत आल्या. "काय केलं तुमी? ...प्रतीक्षा? ओ बाई... मी आहो इथं... बोल नं..."

मला स्वतःची लाज वाटली. घाईघाईनं आज्ञा मागे घेतली. पण देवानंदरावांनी बाईंना जरा बाहेर नेलं, तरी आकडा होता तिथेच राहिला. दिवेलागणीपर्यंत मी बसून होतो. तोवर बाई त्या पडद्याला हाका मारत होत्या, आणि देवानंदराव भिंतीकडे तोंड करून रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. माझा स्वतःचा कॉम्प्युटर, जो मी आदल्या दिवशी बंद करून गेलो होतो, तापून फणफणला होता. पंखा घरघरत होता. तक्ता उघडायची हिंमत झाली नाही.

"प्रतीक्षा बाई," मी कसंबसं म्हणालो, "तुयी माय इथं नाई राहत..."

पंखा क्षणभर थांबला. मग आधीपेक्षा जोरात सुरू झाला.