‘जाते’च्या जागी ‘येते’

जेवण उरकून ध्वनिमुद्रक स्टुडिओत परतला, तेव्हा काम किरकोळच उरलं होतं. सिनेमातल्या भुताचा एक शब्द बदलायचा होता.

मूळ सिनेमा गाजला तो याच शब्दावर. जाळून मारलेली बाई परत येते, चौघांवर सूड उगवते, उंबऱ्याशी थांबते आणि म्हणते, “जाते.” निघताना जे कुणी म्हणत नाही, नेमकं तेच. त्यानंतर थिएटरातले लोक मुकाट्याने उठायचे. आवाज ध्वनिमुद्रकाच्या ताईचा होता. कागदावर ‘येते’ लिहिलेलं, पण ताईने हट्टाने बदलून घेतलं. “सूड संपला. आता सुटू द्या की बिचारीला,” ती म्हणाली होती.

पण गाजलेल्या भुताला कोण सुटू देतो? दुसऱ्या भागात तिने भलत्याच भाडेकरूंना मारलं. तिसऱ्यात तिला जुळी बहीण निघाली. चौथ्यात ती गात गात आली आणि लोक पोट धरधरून हसले. यातल्या एकाही भागाला ताईने आवाज दिला नाही. गेल्या वर्षी इस्पितळात, भावाच्या हातातून हात सोडवून घेत, तीही म्हणाली, “जाते.”

“येते म्हण गं...” तो रडकुंडीला आला होता. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आता मूळ सिनेमाच नव्याने काढला होता. नव्या नटीचा आवाज दिग्दर्शकाला काही केल्या पटेना.

“ताईंचाच जुना आवाज घेऊ,” तो म्हणाला. “फक्त शेवटी ‘येते’ हवं. पुढच्या भागाची सोय होते.”

“ताई ‘येते’ म्हणालीच नाहीये कुठे.”

“मग जोडा ना. तुम्हाला काय अवघड आहे?”

अवघड नव्हतंच. एका संवादातला ‘ये’ घ्यायचा, ‘जाते’तला ‘ते’ घ्यायचा, मध्ये श्वास ठेवायचा नाही. आपण सुटलेल्या माणसाला पदराला धरून मागे ओढतोय, हे त्याला कळत होतं. तरी हात थांबले नाहीत. खरं सांगायचं तर त्याला ते एकदा ऐकायचंच होतं.

जोड बेमालूम बसला. “येते,” ताई म्हणाली. त्याने डोळे पुसले आणि दिग्दर्शकाला आत बोलावलं.

दिग्दर्शकाने हेडफोन चढवले. लगेच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे ‘येते’ नाहीये. ‘आले’ म्हणतायत त्या.”

“काय?”

“‘आले रे ठोंब्या... मला कुणी बोलावलं?’ असं.” तो हसला. “हा ठोंब्या कोण?”

त्या नावाने ध्वनिमुद्रकाला फक्त ताई हाक मारायची. त्याने पडद्याकडे पाहिलं. आवाजाची रेघ सपाट होती. दिग्दर्शक आत आल्यापासून त्याने काही सुरूच केलं नव्हतं.

“परत विचारतायत...” दिग्दर्शक हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता. “काय सांगू?”