उजव्या बाजूची पन्हळ

ही हकीकत खरी आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आधी वाडीला येऊन आमच्या कारखान्याचे दार पाहावे. दारावर आता चार छिद्रे तेवढी उरली आहेत, आणि पावसात उंबऱ्यावर पाणी पडते. वर्ष झाले. मला अजून उलगडलेले नाही.

माझे आजोबा गोविंदा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवीत. त्यांचे चिरंजीव शामराव ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधीत. शामरावांचा मुलगा उत्तम, म्हणजे माझा धाकटा भाऊ, केबिनचा पत्रा ठोकी. आणि उत्तमचा मुलगा प्रशिक, ज्याच्यावर हे ओढवले.

शामरावांपासून आमचा एक नियम आहे. काम झाले की मालकाने केबिनमध्ये बसायचे आणि कारागिराने टपावर तांब्याभर पाणी ओतायचे. आत थेंब आला नाही, तर मालक आतून दोनदा ठोकतो. तोवर काम उतरले असे आम्ही मानत नाही.

गेल्या वर्षी, नवतप्यातली, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतली भर दुपार. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते.

विक्कीच्या जुन्या ट्रकसाठी प्रशिकला दोन पन्हळी हव्या होत्या; दारांच्या वर, टपाच्या कडेला बसवलेल्या, पावसाचे पाणी काचेवर येऊ न देणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. नव्या मिळत नाहीत. म्हणून त्याने भंगारातून एक गंजलेली केबिन उचलून आणली होती. विक्की संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता.

डावी पन्हळ त्याने निगुतीने काढली. एकेक जोड ड्रिलने पोखरला, पट्टीला बाक येऊ दिला नाही.

मग तो उजवीकडे, चालकाच्या बाजूला गेला...

तिथे पन्हळ नव्हतीच.

आणि आतून आवाज आला.

टप्... टप्...

त्याने डोकावले. सीट ओली होती. वरचा पत्रा मात्र कोरडा, हाताला चटका देणारा. काचेवर आतून ओल धरली होती, आणि त्या ओलीतून...

कोणीतरी तळहाताने पुसून वाट केली होती.

"आत्या, इथं पाणी तुम्ही टाकलं काय?" त्याने मला विचारले.

"नवतप्यात प्याले पाणी पुरत नाही, अन् मी भंगाराले आंघोळ घालू काय रे?"

तो हसला नाही. त्याने पुन्हा टपाची कड निरखली. प्रत्येक जोडावर तीन-तीन छिद्रे, अगदी जवळजवळ. असा जोड तोडणारा हात त्याच्या ओळखीचा होता.

त्याने बापाला बोलावले.

उत्तमने छिद्रांवरून बोट फिरवले. मग दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगात लिहिले होते: काजल.

उत्तमने त्या अक्षरांवर हात ठेवला.

"भैय्याजीची गाडी होय ही. काजल त्याची पोरगी."

"कोण भैय्याजी, बाबा?"

"डायवर होता. पन्हळ वाकडी झाली म्हणून सरळ कराले आणली. दिवसभर इथं बसून होता. मी पन्हळ काढून ठेवली, अन् दुसऱ्याचं काम हाती घेतलं, त्याले म्हटलं, दोन दिवसानं ये. त्याले कुहीले माल पोचवाचा होता. तसाच गेला. रस्त्यात पाऊस लागला. काच दिसेना, म्हणून मुंडकं बाहेर काढून पुसत होता म्हणे. समोरून गाडी आली अन्..."

तो थांबला.

टप्...

"अन् ती पन्हळ?"

उत्तमने नुसते वर पाहिले.

कारखान्याच्या दारावर एक पत्र्याची पट्टी होती. सत्तावीस वर्षे तिने आमच्या उंबऱ्यावरचे पाणी बाजूला टाकले होते. आम्ही सगळे तिच्याखालून ये-जा करत होतो.

प्रशिकचा चेहरा उजळला. "जोडी जमली ना बाबा! विक्कीचं काम आजच होते!"

आतला आवाज थांबला.



"हात नको लावू. त्याची हाय ती," उत्तम म्हणाला.

"मग विक्कीले काय सांगू? गिऱ्हाईक तुटते!"

"त्या दिवशी मीबी हेच म्हटलं होतं."

 प्रशिकने शिडी आणली.

उत्तमने पाच वर्षांपूर्वी काम सोडले होते; हात कापतात. तरी उजवी पन्हळ त्याने स्वतःच ठोकून सरळ केली आणि भंगारातल्या केबिनला बसवली. डावी प्रशिकने न सांगता परत लावली. विक्की आला, तोंडाला येईल ते बोलला आणि निघून गेला.

मग उत्तमने तांब्या घेतला आणि टपावर पाणी ओतले.

पाणी पन्हळीतून मागे वाहत गेले आणि बाहेर पडले. काचेवर एक थेंब आला नाही.

आम्ही उभे राहिलो. आत बसायला कोणी नव्हते...

ठक्.

...

ठक्.

उत्तमने तांब्या खाली ठेवला.

"फिटलं गा, भैय्याजी," तो म्हणाला. "पुरतं फिटलं."

दार मी स्वतः उघडले. सीट ठणठणीत कोरडी होती. मधोमध, माणूस बसल्याएवढा खळगा होता...

आणि तो हळूहळू वर येत होता.