हळदी चौकोन

सिराजला बहारीनला येऊन नऊ वर्षं झाली होती. सहाजणांच्या खोलीत वरच्या बंकवर इतके दिवस काढल्यावर एकदाचा बायकोचा, जमीलाचा, व्हिसा लागला. मग त्यानं ईसा टाउनला खोली भाड्यानं घेतली. गुरुवारी ती यायची होती. त्याआधी भिंती रंगवून घ्यायच्या, एवढंच काम उरलं होतं.

शिवदास पेंटर गुहागरकडचा. त्यानं पलंगाला लागून असलेल्या भिंतीवर नमुन्याचे दोन चौकोन मारून दिले, एक फिका निळा, एक हळदी. म्हणाला, या उन्हाच्या मुलखात सगळे थंड रंगच घेतात, तरी दोन दिवस बघा. फोनवर जमीलाला विचारलं, तर तीही निळाच म्हणाली.

त्या दुपारी सिराजनं सहज हळदी चौकोनावर हात ठेवला. एसी घरघरत होता. फरशी गार, निळा चौकोन गार... आणि हा उबदार. झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखा. त्यानं बाहेर जाऊन बघितलं. भिंतीपलीकडे नुसता सावलीतला जिना होता. तिथं ना चूल, ना ऊन.

दुसरा कुणी असता तर तिथून उठला असता. पण या माणसाला दोन वर्षांतून एकदा, महिनाभर, घरचा हात लागायचा. त्यानं गाल टेकला. खोबरेलाचा वास आला. जमीलाच्या केसांचा नव्हता तो. दुसऱ्या दिवशी तो पाठ टेकून बसला, गावाकडचं बरंच काही बोलला. पाठीमागे भिंत सावकाश फुगत होती, बसत होती...

बुधवारी शिवदास निळा रंग घेऊन आला. सिराज म्हणाला, सगळं निळं कर, तेवढा चौकोन राहू दे. शिवदासनं त्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"सिराजभाई, आत्ता झाकून टाकतो. तीन हात मारतो."

"राहू दे म्हटलं ना."

शिवदासनं बाकीचं सगळं निळं केलं. जाताना चपला हातात घेऊन जिना उतरला.

गुरुवारी जमीला आली. निळ्या भिंती बघून म्हणाली, अगदी आपल्या खाडीसारखं वाटतं. चौकोनाबद्दल विचारलं, तेव्हा सिराजनं रंग संपला म्हणून सांगितलं. जेवल्यावर ती दमून भिंतीकडे तोंड करून झोपली. सिराज अलीकडे, कडेला. पडदे ओढलेले. आता आपण एकटे नाही, असं तो मनाशी म्हणत होता.

तेवढ्यात जमीला झोपेतच कुजबुजली, "सरका जरा तिकडे... आम्हा दोघींना जागा पुरत नाही."

सिराज सरकला. सरकत सरकत खाली फरशीवर जाऊन बसला. पलंगावर दोन श्वास चालले होते, संथ, एकाआड एक. त्यातला जमीलाचा कुठला, ते नऊ वर्षं दूर राहिलेल्या त्या माणसाला ओळखता येईना.