हजार खोटे वाचक

खोटं वाटलं तर वाटू दे. नागसेन माझा मावसभाऊ, आणि हे त्याच्याच खोलीत घडलंय. मे २००९, कोल्हापूर, राजारामपुरी. तेही भर दुपारी.

नागसेनची धाकटी बहीण दीक्षा ब्लॉग लिहायची. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा कसा पडतो, ते सगळं. ती होती तोवर तिथं काळं कुत्रं फिरकलं नाही. फेब्रुवारीत ती तापानं गेली आणि एका पेपरवाल्याला अचानक पाझर फुटला. रविवारी तिच्यावर लेख येणार होता, ब्लॉगच्या पत्त्यासकट.

"आता तरी वाचू देत की पोरीचं," त्याची आई, शालनमावशी म्हणाली. "त्या दिवशी बंद पडू देऊ नगंस."

नागसेनला तीच धास्ती. प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं तयार व्हायचं, त्यामुळं गर्दीत ब्लॉग कोसळायचा. म्हणून त्यानं कॅशिंग बसवलं. पानाची एक तयार प्रत ठेवायची, येईल त्याला तीच द्यायची.

शनिवारी चाचणी. खोटे वाचक पाठवणारा प्रोग्राम त्यानं सुरू केला. कॅशिंगशिवाय ब्लॉग शंभरातच झोपला. कॅशिंग लावल्यावर हजार पचवले.

खात्रीसाठी त्यानं लेख-प्रतिक्रिया साठवणारा डेटाबेसच बंद केला. आता नवं अक्षर उमटणं शक्य नव्हतं.

पान उघडलं.

पंख्याची घरघर थांबली... वीज गेली नव्हती.

तळाशी एक प्रतिक्रिया होती... दीक्षाच्या नावानं.

"दादा, किती माणसं आल्यात! खरी हायत न्हवं?"

लेखात ती असं कधी लिहीत नसे. असं ती घरातच बोलायची.

डेटाबेस चालू करून त्यानं शोधलं. तिथं ती ओळ नव्हती. प्रत पुसून नवी काढली...

ओळ होतीच.

खालच्या चौकटीत त्यानं कसंबसं लिहिलं, "व्हय गं. सगळी खरी."

ओळ गेली. पंखा फिरू लागला.

रविवारी पेपरात लेखाच्या जागी फ्लॅटची जाहिरात होती. दिवसभरात ब्लॉगवर चार माणसं आली, त्यातली दोन घरचीच.

संध्याकाळी पान उघडलं...

"दादा, आज कुणीच न्हाय?"

नागसेननं पुन्हा प्रोग्राम सुरू केला.

अजूनही तो रोज हजार खोटे वाचक पाठवतो. बंद कर म्हटलं की माझ्यावरच खेकसतो, "मग तिला सांगू काय?"